गाडी डोलत असेल तर आधी टायर बघा

नागपुरात हिंगणा रोडवर आमचं टायरचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. एमआयडीसीतले कामगार, वाडीकडून दूध आणणारे गवळी, डिलिव्हरीची पोरं, रोज कळमेश्वर-काटोलकडे शाळेवर जाणारे शिक्षक, असं आमचं गिऱ्हाईक. गाड्या बहुतेक १०० ते १६० सीसीच्या. तक्रारीही ठरलेल्या. "ताई, गाडी डोलून राहिली." "हँडल जड झालं न." "ब्रेक मारला का मागचं चाक सरकते." यातले पुष्कळ जण आमच्याकडे येण्याआधी हँडलचे बॉल रेसर, म्हणजे बेअरिंग, बदलून आलेले असतात, कुणी शॉकअपचं तेल बदललेलं असतं, कुणी मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे बुश. पैसे गेलेले असतात आणि गाडी तशीच डोलत असते. हवा मोजायची मात्र राहून गेलेली असते. माझं सांगणं एवढंच आहे की गाडीच्या चालीत काहीही बदल जाणवला तर पहिली तपासणी टायरची करा, आणि दोन टायरांत पहिली पुढच्याची.

छोट्या मोटरसायकलचा पुढचा टायर रस्त्याला जिथे टेकतो ती जागा तळहाताच्या अर्ध्याएवढीसुद्धा नसते. मागच्या टायरची थोडी मोठी. ब्रेक, वळण, खड्डा, पावसाचं पाणी, मागे बसलेली बायको आणि टाकीवर बसलेलं पोरगं, या सगळ्यांचा भार त्या दोन जागांवर असतो. कारचं एखादं चाक घसरलं तर बाकीची तीन गाडी सांभाळतात. मोटरसायकलचं मागचं चाक घसरलं तर सावरायला थोडा वेळ मिळतो. पुढचं घसरलं की माणूस खालीच. आणि ब्रेक दाबल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं, म्हणजे थांबवण्याचं मोठं काम पुढचाच टायर करतो. तरी घराघरांत काय चालतं? मागचा टायर घासला की नवा घेतात, पुढच्याला "अजून एक वर्ष काढेल" म्हणतात. मागचा लवकर घासतो, कारण इंजिनाची ओढ त्याच्यावर असते. पुढचा हळूहळू घासतो, म्हणून तो म्हातारा झालेला कुणाच्या लक्षातच येत नाही.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना १२५ सीसीपर्यंत सीबीएस किंवा एबीएस, आणि त्याच्या वर एबीएस सक्तीचं झालं. चांगलंच झालं. पण सीबीएस दोन्ही चाकांना ब्रेक वाटून देतं आणि एबीएस चाक जाम होऊ देत नाही, इतकंच त्यांचं काम. पकड दोन्हींतून येत नाही, ती टायरच्या रबरातच असावी लागते.

हवा: यावर सगळ्यात जास्त वेळ द्या

एक हवा मोजायचं गेज विकत घ्या. पेनासारखं मिळतं, घड्याळासारखं गोलही मिळतं, दोन-तीनशे रुपयांत काम होतं. पंपावरच्या पाइपाला लागलेलं गेज दिवसभर जमिनीवर आपटत असतं, त्याच्या आकड्यावर विसंबू नका. अंगठ्याने टायर दाबून "हाय न हवा" म्हणणारे तर रोज भेटतात. ट्यूबवाला टायर १५ पौंडांवर (म्हणजे दर चौरस इंचाला १५ पौंड, पीएसआय) असला तरी अंगठ्याला कडकच लागतो, आणि १५ पौंडांवर गाडी चालवणं धोक्याचं आहे.

मोजायचं सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी, टायर थंड असताना. आकडा कुठला ठेवायचा ते गाडीवरच लिहिलेलं असतं. चेनकव्हरवर किंवा चिमट्यावर स्टिकर असतं, ते निघालं असेल तर गाडीसोबत मिळालेलं पुस्तक बघा. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे साधारण २५ आणि मागे एकट्यासाठी २८-३० च्या आसपास सांगितलेलं असतं. मागे माणूस बसणार असेल तर मागचा आकडा बराच वर जातो आणि तो स्टिकरवर वेगळा छापलेला असतो. काही स्टिकरवर पौंडांऐवजी किलो (दर चौरस सेंटीमीटरला) असतात. तिथे १ किलो म्हणजे १४.२ पौंड धरा, म्हणजे १.७५ किलो झाले २५ पौंड. सगळ्यांना एकच आकडा लावणाऱ्या हवावाल्याला "पुढे इतकी, मागे इतकी" असं स्वतः सांगा. टायरच्या बाजूवर जो जास्तीत जास्त हवेचा आकडा कोरलेला असतो ती टायरची मर्यादा आहे, रोज भरायचा आकडा नाही.

आता उन्हाळ्याची गोष्ट. नागपुरात एप्रिल लागला की जो तो सांगतो, "ताई, हवा कमीच भरा, उन्हात टायर फुटते." हा समज मला मुळापासून काढून टाकायचा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, डांबरी रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो, हे खरं. हवा तापली की दाब वाढतो हेही खरं. २८ पौंडांच्या टायरचं तापमान १० अंशांनी वाढलं तर दाब दीड पौंडाच्या आसपास चढतो. म्हणजे पहाटे २८ भरलेला टायर दुपारी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत पळवला की ३२-३३ दाखवेल. हा चढ टायर बनवणाऱ्यांनी आधीच धरलेला असतो. चांगला टायर एवढ्याने फुटत नाही.

फुटतो तो कमी हवेचा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त चेपते आणि परत उलगडते. मिनिटाला शेकडो वेळा. त्या चेपण्यातून आतल्या आत उष्णता तयार होते. बाहेर ऊन, खाली तापलेला रस्ता आणि आत ही उष्णता, मग रबर आणि आतले धागे एकमेकांना सोडायला लागतात. बाजूवर फुगा येतो, आणि एक दिवस तो सुटतो. म्हणजे उन्हाळ्यात फुटेल या भीतीने हवा कमी ठेवणारा माणूस फुटण्याचीच सोय करतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरला भरा, आणि दुपारी तापलेल्या टायरचं गेज चार-पाच पौंड जास्त दाखवत असेल तर हात लावू नका. तेव्हा हवा काढली तर रात्री टायर थंड झाल्यावर तेवढीच कमी भरेल. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं. थंडी पडली की दाब आपोआप उतरतो, पंक्चर नसतानाही. तेव्हा मोजणं चुकवू नका.

कमी हवेची गाडी ओळखायला शिका. हँडल जड लागतं, वळणात गाडी उशिरा वळते, सरळ जाताना मागून कुणीतरी ढकलल्यासारखी डोलते, मायलेज पडतं. खड्ड्यात रिमला थेट मार बसतो. अलॉय असेल तर रिम चेपते, तारांची असेल तर आउट, म्हणजे वाकडी, होते. ट्यूबच्या टायरात आणखी एक होतं: ब्रेक मारल्यावर टायर रिमवर किंचित सरकतो, सोबत ट्यूब सरकते आणि नोझल तिरकं होतं. नोझल रिमच्या भोकात सरळ उभं नसेल तर आजच हवा सोडून ट्यूब नीट बसवून घ्या. नोझल मुळातून फाटलं तर ट्यूबमधली सगळी हवा एका क्षणात जाते.

हवा जास्त असली तर गाडी उड्या मारते, टायर मधल्या पट्ट्यावरच चालतो, रस्त्याला टेकणारी जागा आणखी लहान होते आणि ब्रेकचं अंतर वाढतं. ओल्या रस्त्यावर हे लगेच कळतं. "जास्त भरा, मायलेज वाढते" असं म्हणणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांना मी नेहमी सांगते: बाबू, वाचलेल्या पेट्रोलात टोंगळ्याचं ऑपरेशन होत नाही.

आठवड्यातून एकदा मोजलंत तर उत्तम, पंधरा दिवसांत तरी नक्की. नोझलची टोपी लावत जा, ती धूळ अडवते. नोझलमधून हवा गळते का हे बघायला साबणाच्या पाण्याचा एक थेंब पुरतो. बुडबुडा आला तर आतली पिन बदला, अगदी स्वस्त असते. आणि नायट्रोजनबद्दल विचाराल तर साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळत असेल तर भरा, नाहीतर ते पैसे गेजसाठी ठेवा.

हात फिरवून टायर वाचा

गाडी मधल्या स्टँडवर लावा. पुढचं चाक उचलायला इंजिनखाली लाकडाचा ठोकळा द्या किंवा मागे कुणाला तरी बसवा. आता चाक हळूहळू फिरवत तळहात टायरच्या नक्षीवरून एका दिशेने फिरवा, मग उलट्या दिशेने. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीच्या दातांसारखं लागत असेल तर नक्षीच्या बटणांची, म्हणजे उंच ठोकळ्यांची, एक कड जास्त घासली आहे. अशी गाडी ठराविक वेगाला गुणगुणते आणि हँडलमध्ये बारीक थरथर येते. हवा बरेच दिवस कमी होती, किंवा पुढचा शॉकअप ढिला पडलाय, असं समजा. हात वर-खाली होतोय, लाटा लागतायत? तो टायर बदलायला आला.

मग मागच्या टायरकडे या. खाली वाका आणि मागून, डोळा टायरच्या उंचीला आणून बघा. नवीन टायरचा माथा छान गोल असतो. रोज सरळ रस्त्याने जाणाऱ्यांचा, म्हणजे हिंगणा ते बर्डी (सीताबर्डी), बर्डी ते बुटीबोरी असं करणाऱ्यांचा टायर मधोमध घासून चपटा होतो आणि दोन्ही बाजूंना धार तयार होते. सरळ जाताना काही कळत नाही. वळणावर गाडी झुकली की टायर त्या धारेवरून पलीकडे पडतो, आणि गाडी आधी वळायला नको म्हणते आणि मग एकदम आत घुसते. सेमिनरी हिल्सच्या वळणांवर हे कुणालाही जाणवेल. नक्षी अजून शिल्लक असली तरी इतका चपटा टायर मी ठेवू देत नाही.

नक्षीची खोली बघायला टायरच्या बाजूवर टी-डब्ल्यू-आय अशी अक्षरं किंवा छोटा त्रिकोण शोधा. त्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराची एक आडवी पट्टी असते. नक्षी घासून त्या पट्टीला भिडली की टायर संपला. मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठी नक्षीची खोली किमान ०.८ मिलिमीटर सांगितली आहे. ती कायद्याची शेवटची हद्द झाली. पावसाळा तोंडावर असेल तर मी २ मिलिमीटरलाच बदलायला सांगते. घरी मोजायचं तर आगपेटीची काडी खाचेत उभी धरा, नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. टायरच्या मधोमध, दोन्ही बाजूंना, असं तीन ठिकाणी मोजा.

पाऊस का म्हणते? मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा रस्त्यावर उन्हाळाभराची धूळ, तेल आणि घासलेलं रबर साचलेलं असतं. पहिल्या अर्ध्या तासात त्याचा चिकट राडा होतो. आपल्या शहरात सिमेंटचे रस्ते भरपूर, वळणावळणाला गुळगुळीत झालेले गट्टू (सिमेंटच्या फरशा), झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं. तिथलं पाणी बाजूला सारायचं काम टायरच्या खाचा करतात. खाच नसेल तर रबर पाण्यावरच राहतं, खाली रस्त्यापर्यंत पोचत नाही.

सिमेंट रोडबद्दल आणखी एक सांगते, कारण इथे पडून आलेली माणसं मी बघते. दोन स्लॅबमधली लांबट सांध जिथे उघडी पडलेली असते, किंवा सिमेंटचा रस्ता आणि बाजूचे गट्टू यांत चार बोटांचा फरक असतो, तिथे आपले अरुंद टायर त्या रेघेला धरून चालायला लागतात. माणूस घाबरून हँडल हिसकतो आणि पडतो. सांधीवरून समांतर जाऊ नका. ओलांडायची असेल तर वेग कमी करा, जागा सोडून थोडं बाजूला व्हा आणि जितकं आडवं येता येईल तितकं आडवं येऊन ओलांडा. चाक सांधीत सापडलंच तर हात सैल ठेवा, ब्रेक दाबू नका, ॲक्सिलेटर सोडून गाडी हळू होऊ द्या. रेल्वे फाटकाच्या रुळांनाही हीच पद्धत. पुढचा टायर चपटा किंवा कमी हवेचा असेल तर या जागा दुप्पट त्रास देतात.

वय बघायलाही विसरू नका. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडे गाडी दिवसभर उन्हात उभी असते, कारखान्याच्या पार्किंगला पत्रासुद्धा नसतो, त्यामुळे रबर लवकर कडक होतं. नखाने दाबून बघा. नवीन टायरमध्ये नख थोडं रुततं, म्हाताऱ्या टायरवर घसरतं. खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसतायत का, बाजूवर जाळी पडली आहे का, तेही बघा. पाच वर्षं झाल्यावर दरवर्षी असं नीट तपासायचं, नक्षी कितीही शिल्लक असो. आजोबांची गाडी महिन्यातून एकदा निघते आणि टायर "नव्यासारखा" दिसतो, तो टायर मला सगळ्यात जास्त भीती दाखवतो. जुनी गाडी विकत घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी हे चार आकडे वाचा.

टायर घेताना

टायरवर ८०/१००-१८ ४७पी असं काही लिहिलेलं असतं. ८० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. १०० म्हणजे उंची रुंदीच्या १०० टक्के, इथे तीही ८०. १८ म्हणजे रिमचे इंच. ४७ हा वजनाचा आकडा आहे, म्हणजे टायर १७५ किलो पेलतो. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. जुन्या पद्धतीत २.७५-१८ असं इंचात लिहितात.

यातला वजनाचा आकडा दुकानदारही नीट बघत नाहीत. १०० सीसीच्या काही गाड्यांना पुढे-मागे दोन्हीकडे ८०/१००-१८ असतो, म्हणून लोक समजतात टायर एकच. मागे ५४पी लागतो, तो २१२ किलो पेलतो. पुढचा ४७पी मागे बसवला तर दिसायला काही फरक नाही. आता दूधवाल्या भाऊंचा हिशोब करू. गाडी ११२ किलोची, तिचं साधारण निम्मं वजन मागे, म्हणजे ५६. स्वारीचे ७० किलो, त्यातले ४५ मागे. चाळीस लिटरचे दोन कॅन भरले की डब्यासकट ९० किलो, ते जवळपास सगळे मागच्याच चाकावर. झाले १९१. ४७ चा टायर इथेच हरला. ५४ चा अजून तग धरतो. पण कॅनसोबत पोराला मागे बसवलं की तोही हरला. म्हणून गवळ्यांना मी हात जोडून सांगते की ५४ च्या खालचा टायर मागे लावू नका, भरलेल्या गाडीला स्टिकरवरची जोडप्याची हवा ठेवा आणि पोराला वेगळं शाळेत सोडा.

रुंद टायरचं वेड वेगळंच. पोट्टे येतात, १०० सीसीच्या गाडीला मागे १०० किंवा १२० चा टायर मागतात. "भारी दिसते न ताई." दिसते. पण रिम अरुंद आहे. रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याच्या बाजू आत ओढल्या जातात आणि माथा उभट गोल होतो. रस्त्याला टेकणारी जागा वाढत नाहीच, उलट कधी कमी होते. बाजू लुळ्या पडतात आणि वळणात गाडी रबरासारखी हलते. वर टायर जड झाल्यामुळे १०० सीसीचं इंजिन थकतं, मायलेज जातं आणि चेनकव्हर घासतं ते वेगळंच. फार तर एक साइज वर, तेही गाडीच्या कंपनीने त्या रिमला चालेल असं सांगितलं असेल तरच. नाहीतर ज्या साइजने गाडी शोरूममधून निघाली तीच ठेवा.

पुढे रिबचा, म्हणजे सरळ उभ्या खाचांचा टायर का देतात? तो हँडलचं ऐकतो आणि पाणी सरळ मागे सारतो. मागे बटण टायर, कारण तिथे ओढ लागते. पुढे बटण लावून फिरणारे सिमेंट रोडवर थरथर सोसतात. शेतात, पांदणीत रोज जाणं असेल तर गोष्ट वेगळी.

साध्या तारांच्या रिमवर ट्यूबलेस चालत नाही, तारांच्या भोकांतून हवा जाते. ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून देणारेही आहेत. रिम चेपली असेल तर तात्पुरती सोय म्हणून ठीक. पण ट्यूबलेसचा खरा फायदा असा की खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, सावरायला वेळ मिळतो. ट्यूब टाकली की तो फायदा गेला.

टायर नवा तर ट्यूबही नवी. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि घडीच्या जागी ती कापली जाते. तारांच्या रिमला आतली पट्टीही बदलून घ्या. टायर आयएसआय खुणेचा आहे ना बघा, दुचाकीच्या टायरसाठी ते मानक आयएस १५६२७ आहे. तारीख वर्षभराच्या आतली मागा. खाचा पुन्हा कोरलेले किंवा वर रबर चढवलेले टायर स्वस्त मिळतात. मोटरसायकलला, आणि त्यातही पुढे, ते अजिबात लावू नका.

बसवताना दुकानात उभे राहा. बाजूवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला हवा. काही टायर पुढे-मागे दोन्हीकडे चालतात, त्यांच्यावर पुढचा आणि मागचा असे दोन उलटे बाण असतात, कारण पुढच्या टायरला मुख्य झटका ब्रेकचा आणि मागच्याला इंजिनाचा. टायर चढवायला साबणाचं पाणी वापरायचं, ऑइल किंवा ग्रीस नाही. त्याने रबर खराब होतं आणि टायर रिमवर फिरतो. हवा भरल्यावर रिमच्या काठाशी टायरवर एक बारीक रेघ दिसते, ती पूर्ण गोलाईत सारख्या अंतरावर हवी. कुठे आत दबली असेल तर टायर नीट बसलेला नाही, गाडी लंगडत चालेल. मागचं चाक परत लावल्यावर चिमट्यावरच्या दोन्ही बाजूंच्या रेघा मोजून घ्या. डावीकडे तिसऱ्या रेघेवर आणि उजवीकडे चौथ्या असेल तर चाक तिरकं लागलंय, गाडी एका बाजूला ओढेल आणि दोष नव्या टायरला मिळेल.

नव्या टायरवर साच्यातला निसटता थर असतो. पहिले शंभर-दोनशे किलोमीटर वळणं आणि ब्रेक जपून. वॉशिंग सेंटरवर डिझेलचा फवारा मारतात, तो टायरवर पडू देऊ नका. डिझेल रबर खातं आणि त्या दिवशी पहिल्याच वळणाला चाक सरकतं. टायर काळा चमकवायचं पॉलिश माथ्यावर तर कधीच नाही, बाजूलाही नसलेलं बरं.

पंक्चर

ट्यूबलेसला बाहेरून स्ट्रिप घालतात, ती फक्त माथ्यावरच्या छोट्या भोकाला चालते. बाजूवर भोक असेल तर टायर बदलायचा, दुसरा इलाज नाही. माथ्यावर मोठी चीर असेल तर काही जण आतून जुन्या टायरचा तुकडा, गेटर, ठेवून देतात. घरापर्यंत पोचायला एकदा ठीक आहे. पुढच्या चाकात गेटर ठेवून रोज फिरणारा कुणी दिसला तर मी त्याची चावी ठेवून घेते आणि आधी टायर बघायला लावते.

चालू गाडीत हवा गेलीच तर पहिली ओढ जोरात ब्रेक दाबायची होते. तेच करायचं नाही. ॲक्सिलेटर हळू सोडा, हँडल दोन्ही हातांनी सरळ धरा, गाडीला स्वतःच हळू होऊ द्या. मागचं चाक बसलं असेल तर ब्रेक पुढचा, हलक्या हाताने. पुढचं बसलं असेल तर मागचा. सीबीएसच्या गाडीत मागचा ब्रेक दाबला तरी पुढचा थोडा लागतो, तेव्हा तिथे आणखी हलका पाय आणि गिअरचा आधार. थांबताना मागून ट्रक येत नाही ना ते आरशात बघून डावीकडे घ्या. वर्धा रोड किंवा अमरावती रोडवर हे फार महत्त्वाचं. बसलेल्या टायरवर "पुढच्या चौकापर्यंत" गाडी चालवू नका. तेवढ्या अंतरात टायरच्या बाजूचे धागे तुटतात, रिम खराब होते आणि शंभर रुपयांचं पंक्चर हजारांवर जातं. उतरून ढकला, किंवा पंक्चरवाल्याला जागेवर बोलवा.